पळसपरी आणि रुसलेले रंग

जिथे ढग डोंगराच्या खांद्यावर डोकं टेकून झोपतात, तिथे एक नदी होती. पहाटे गुलाबी आणि सांजेला जांभळी. तिच्या काठावर रंगशाळा होती. तिथले रंगारी पांढऱ्याशुभ्र सुताच्या लडी रंगवायचे. दोरीवर वाळत टाकलेल्या ओल्या लडी वाऱ्यावर हलल्या, की वाटायचं, इंद्रधनुष्यच झोके घेतंय.

रंगशाळेमागच्या इवल्याशा झोपडीत मथू राहायची. तिला आई नव्हती. बाबा रंगशाळेत हळदीचे हंडे ढवळायचे. ताटात कधी अर्धी भाकरी, कधी नुसती पेज. मथूला त्याचं फारसं वाटत नसे. तिला वाईट वाटायचं ते बाबांच्या गप्प बसण्याचं.

"बाबा, आज काय केलंत?"

"काय करणार? हंडा ढवळला."

एवढं बोलून बाबा भिंतीकडे तोंड करून झोपून जात.

हळूहळू रंगशाळेतले सगळेच असे गप्प झाले. आणि रंगही रुसले. लाल विटका झाला, निळा धुरकट झाला, पिवळा तर वाळल्या गवतासारखा दिसू लागला. रंगशाळेच्या मालकीण चंद्राकाकी घाबरल्या. घाबरल्या म्हणून ओरडू लागल्या. "हात चालवा! इकडं तिकडं बघू नका!" त्या जितक्या ओरडत, तितके रंग आणखी फिके होत.

एके दिवशी राजाचा निरोप आला, "वसंतोत्सवाला झळाळते रंग मिळाले नाहीत, तर रंगशाळा बंद!"

बंद झाली तर सगळ्यांना गाव सोडावं लागणार होतं. मथू रडत रडत पळसाच्या रानात गेली. रान केशरी फुलांनी पेटलं होतं. तिथे एका खोडावरून तिला बारीक आवाज ऐकू आला, जणू चांदीचं घुंगरू हुंदके देत होतं.

खोडावरच्या चिकट लाल डिंकात एक चिमुकली परी अडकली होती! बोटाएवढी उंच, पळसफुलाचा झगा, आणि पंख दवाच्या पडद्यासारखे.

"ओढू नकोस हं," परी कळवळली. "फाटतील."

"नाही ओढणार," मथू म्हणाली. तिनं ओंजळीतून नदीचं पाणी आणलं, थेंब थेंब सोडलं, डिंक भिजू दिला. ओंजळ रिकामी झाली की पुन्हा नदीवर जायची. दुपार कलली, तेव्हा कुठे पंख सुटले आणि लखलख चमकले.

"गुणाची गं माझी बाय ती!" परी हसली. "मी पळसपरी. तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन. पण नियम ऐक. स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि कुणाचं मन मागायचं नाही. मनाच्या दाराला कडी आतून असते, सोनू. ती आम्हा पऱ्यांनाही काढता येत नाही."

मथूनं डोळे मिटले. "परीताई, रंगशाळेत जो कुणी लड रंगवील, त्याच्या ओंजळीत केशरी पेढा पडू दे!"

छुम्! रंगशाळेत पेढ्यांचा पाऊस सुरू झाला. काय लगबग उडाली! पण निळीच्या रांजणातून लड काढली, की ती आधी हिरवी दिसते आणि वारा लागला की सावकाश निळी होते. तेवढं थांबायला आता वेळ कुणाला होता? बुडव, काढ, पेढा घे. लाल रंगवणारी तुळसामावशी निळीवाल्या भिवाआजोबांवर खेकसली, "ती माझी लड होती!" रंग डागाळले, लडी गुंतल्या. सांजेला पोटं भरली, जादू ओसरून पेढे थांबले, आणि मग कुणी हंड्याला हातसुद्धा लावीना. "पेढा नाही, तर काम कशाला?"

मथू हिरमुसून रानात परतली. "परीताई, मग त्यांना सुख दे. दुखरे हात बरे कर, डोक्यावर सावली घाल."

परीनं पंख हलवले. रंगशाळेवर जुईचा मांडव फुलला. गार वारा आला, हातांवरचे फोड मऊ पाकळ्यांसारखे गळून पडले. भांडणं थांबली. "बरं वाटतं बाई," तुळसामावशी म्हणाली. सगळे हसरे झाले, निवांत झाले. पण लडी हंड्यातून निघाल्या त्या फिक्याच.

"हातांचं दुखणं गेलं," मथू पुन्हा परीपाशी येऊन पुटपुटली, "पण हातांना हसू नाही आलं. परीताई, आता काय मागू? मन तर मागता येत नाही."

"मागता येत नाही," पळसपरी हळूच म्हणाली. "विचारता येतं."

मथूचे डोळे लुकलुकले. ती धावत भिवाआजोबांकडे गेली. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे होते.

"आजोबा, तुम्हाला काय हवंय?"

आजोबा गोंधळले. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. "पोरी, जन्मभर निळा रंग केला. तो जातो कुठं, कुणाच्या अंगावर शोभतो, ते एकदा बघावंसं वाटतं."

तुळसामावशीनं इकडेतिकडे पाहिलं आणि कुजबुजली, "मला मंजिष्ठेच्या मुळीचा एक लाल येतो बघ, अगदी उगवत्या सूर्यासारखा. पण काकी म्हणतात, मी सांगते तस्साच कर."

बाबांनी खूप वेळ हंडा ढवळला. मग म्हणाले, "कुणीतरी 'छान झालंय' म्हणावं गं. एवढंच."

शेवटी मथू चंद्राकाकींपाशी गेली. "काकी, तुम्हाला काय हवंय?"

काकींचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "मला भीती वाटते, मथू. सगळं एकटीच्या डोक्यावर आहे असं वाटतं."

मथू धावत रानात आली. "परीताई, तिसरी इच्छा! या सगळ्यांनी रंगवलेले रंग कुठे कुठे गेले, ते त्यांना एकदा दाखव. काकींनाही!"

पळसपरीनं तिचं बोट धरलं आणि दोघी नदीवर आल्या. मथूनं हाका मारल्या, तसे रंगशाळेतले सगळे काठावर जमले. परी पाण्यावरून अलगद उडत गेली. पाणी आरशासारखं थांबलं आणि त्यात चित्रं हलू लागली. निळ्या दुपट्यात एक तान्हं बाळ मुठी चोखत झोपलं होतं.

"माझा निळा!" आजोबा पाण्यावर वाकून म्हणाले.

लाल साडीत एक नवरी लाजत होती. दूरच्या सागरावर हळदी रंगाचं शीड फुगलं होतं आणि त्याखाली नावाडी गात होते. काकी बाबांकडे वळल्या. "केवढा देखणा पिवळा हो हा! मी कधी म्हटलंच नाही तुम्हाला." बाबांनी पटकन डोळे पुसले.

"आणि तुळसा," काकी म्हणाल्या, "उद्या लाल तुझ्या मनानं कर. काही चुकलं तर मी आहे ना."

"आणि तुम्ही एकट्या नाही," तुळसामावशी म्हणाली. "आम्ही सगळे आहोत."

दुसऱ्या दिवशी हंड्यांभोवती गाणी सुरू झाली. निळीला वारा लागेपर्यंत आजोबा शांत थांबले. एकानं दुसऱ्याची लड पिळून दिली. आणि दोरीवर रंग असे झळाळले, की उडती फुलपाखरं फसून लडींवर येऊन बसली. राजाची माणसं पाहतच राहिली. रंगशाळा वाचली. कमाईत सगळ्यांचा वाटा ठरला आणि मथूच्या घरी तूप-भाताचा वास दरवळू लागला. बाबा आता जेवताना एवढं बोलत, की मथूलाच झोप येई.

वसंतोत्सवाच्या सकाळी काकींनी तिला जवळ घेतलं. "सगळ्यांना विचारलंस. तुला काय हवं, ते मात्र कुणीच विचारलं नाही. सांग, बाळा."

मथूनं पळसाच्या रानाकडे पाहिलं. "मला परीताईला 'छान झालं' म्हणायचंय."

तोच एका केशरी फुलातून पळसपरी वर आली. तिच्या पंखांतून सोनं झिरपत होतं.

"ऐकलं हं मी," ती म्हणाली. "आम्हा पऱ्यांनाही हे कुणी म्हणत नाही."

ती इतकी हसली, इतकी हसली, की तिचा झगा, तिचे पंख, तिचं इवलंसं नाक, सगळ्याचा नुसता उजेड झाला. तो उजेड नदीवर सांडला, ओल्या लडींवरून टपटपला, मथूच्या गालांना गुदगुल्या करून गेला, आणि मग तिथे फक्त सकाळ उरली, लख्ख आणि केशरी.