कॅमेऱ्याचे दार

समुद्रकाठच्या एका गावात एकदा एका कॅमेऱ्यात पाणी शिरले. घटना एवढीच. पण त्या पाण्यामागोमाग माणसांत जो संशय शिरला, तो पुढे कित्येक महिने वाळला नाही. त्याची ही हकिकत.

त्या गावात मोरेश्वर केळुसकर नावाचे वृद्ध शिक्षक राहत. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि आता ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतले जीवन पाहत फिरणे हाच त्यांचा दिनक्रम होता. त्यांच्यापाशी दोन विद्यार्थी शिकत. एक शर्वाणी आणि दुसरा निशिकांत. दोघेही कॉलेज संपवून आलेले, दोघेही पोहण्यात तरबेज, आणि एके काळी दोघांची चांगली मैत्री.

गावाच्या दक्षिणेला घोडेखडक म्हणून एक लांबट कातळ समुद्रात शिरला आहे. त्यावर बोटी लागण्यासाठी मोठा धक्का बांधण्याचे घाटत होते. बांधणाऱ्यांच्या अहवालात लिहिले होते की तो खडक मृत आहे, त्यावर जतन करण्याजोगे काहीही नाही. केळुसकर सरांना ठाऊक होते की खडकाच्या पोटाशी, पाण्याखाली, जिवंत प्रवाळ आहे. परंतु धक्क्याच्या मंजुरीपूर्वी जी जनसुनावणी व्हायची होती, तिच्यात "मला ठाऊक आहे" एवढ्याने भागणार नव्हते. दाखवावे लागते. म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या मोठ्या ओहोटीला तिघे होडीने तेथे गेले, दोघा शिष्यांनी आळीपाळीने बुड्या मारून भरपूर फोटो काढले, आणि घरी येऊन पाहतात तो कॅमेऱ्याच्या काचेमागे पाणी डुचमळत होते. कॅमेरा गेला. आतले कार्डही गेले. एक फोटो वाचला नाही. मग पावसाळा आला, समुद्र बंद झाला.

त्या चार महिन्यांत शर्वाणीच्या मनाने एक एक गोष्ट वेचून गोळा केली. धक्क्याच्या कंत्राटात निशिकांतच्या सख्ख्या मामांची भागीदारी होती, हे सगळ्या गावाला माहीत होते. त्या दिवशी होडीत बॅटरी बदलली तेव्हा निशिकांत पाठ फिरवून बसला होता, कॅमेरा त्याच्या मांडीवर होता. भिजलेले कार्ड बहुधा वाचते, असे तिने कुठेतरी ऐकले होते. मग हेच कसे मेले? आणि पाऊस उघडल्यावर एका सकाळी तिने स्वतः पाहिले, की निशिकांत मामांच्या गाडीतून उतरतो आहे आणि आपल्याला पाहताच रस्ता बदलतो आहे.

तिने सरांना सगळे सांगितले. सर ऐकून घेत. एकदाच त्यांनी विचारले, "त्या दिवशी कॅमेऱ्याचं दार लावलं कुणी?"

"मला नक्की आठवत नाही," शर्वाणी म्हणाली. "पण शेवटी त्याच्याच हातात होता."

"त्यालाही मी विचारलं. त्यालाही नक्की आठवत नाही."

"तो तेच म्हणणार ना, सर!"

सर पुढे काही बोलले नाहीत. आणि त्या न बोलण्याचाही शर्वाणीला संशय आला. सर त्याला पाठीशी घालत असतील का?

दिवाळी झाली. सुनावणीची तारीख लागली, आणि तिच्या आधी एकच मोठी अमावास्येची ओहोटी उरली. नवा कॅमेरा घेणे भाग होते. सर शर्वाणीला घेऊन घाटावरच्या शहरात गेले.

दुकान प्रशस्त होते. दर्शनी भागात काचेच्या टाकीत लाल मासे पोहत होते आणि तळाशी एक कॅमेरा चालू स्थितीत ठेवलेला होता. व्यापाऱ्याने अभिमानाने त्याकडे बोट दाखवले.

"बघा मॅडम, सकाळपासून पाण्यात आहे. याला काही म्हणजे काही होत नाही."

"टाकी वीतभर खोल आहे," शर्वाणी म्हणाली. "आणि हे नळाचं पाणी. समुद्राचं नाही."

व्यापारी हसला आणि त्याने तीन कॅमेरे काउंटरवर मांडले. पहिल्याचा पडदा मोठा, चित्र अतिशय सुरेख. दुसरा हलका, खिशात मावणारा. तिसरा जाडजूड, बेढब, मोठ्या बटणांचा. त्याची चित्रे पहिल्याच्या मानाने फिकी. शर्वाणीने प्रत्येकाचा खोका उलटसुलट करून पाहिला. हा आधी कुणी उघडलेला तर नाही? पंधरा मीटर खोलीपर्यंत चालतो असे लिहिले आहे, ते कुणी मोजून पाहिले? डोक्याएवढ्या उंचीवरून पडला तरी टिकतो म्हणता, तो कशावर पडलेला, गादीवर की कातळावर? व्यापारी उत्तरे देता देता घामाघूम झाला.

शेवटी तिने विचारले, "आणि पाणी शिरलंच, तर कंपनी बदलून देते?"

व्यापाऱ्याने कपाळावरचा घाम पुसला. "नाही," तो म्हणाला. "पाणी आत गेलं तर हमी लागू होत नाही. कुठलीच कंपनी देत नाही."

"ऐकलंत, सर? पाण्यातला कॅमेरा म्हणून विकायचा, आणि पाणी शिरलं तर हात वर! चला आपण इथून."

सर मात्र खुर्चीत अधिकच स्वस्थ बसले. त्यांनी एक भांडे पाणी मागवले. "हात भिजव," ते शर्वाणीला म्हणाले, "आणि डोळे मीट. आता प्रत्येकाचं दार उघड आणि लाव."

व्यापारी चकित होऊन पाहत राहिला. शर्वाणीने मुकाट्याने तसे केले. पहिल्या कॅमेऱ्याचा पडदा ओल्या बोटांना जुमानेना; नको तेच बटण दाबले जाई. दुसऱ्याचे दार सहज लागले, आणि चुकून अंगठा लागताच तितक्याच सहज उघडले. तिसऱ्याला दोन खिट्ट्या होत्या. एक सरकवायची, मग दुसरी फिरवायची. दुसरी नीट बसली नाही तर लाल खूण वर दिसत राही. तिला ते दार लावायला वेळ लागला, चडफडत लावले.

"हा द्या," सर म्हणाले.

"सर, याचे फोटो सगळ्यांत वाईट आहेत!"

"आपल्याला प्रवाळ जिवंत आहे एवढंच दाखवायचंय. त्याला बक्षीस मिळवून द्यायचं नाही. आणि या गृहस्थांनी हमीबद्दल आपणहून काही सांगितलं नाही. विचारल्यावर मात्र खरं सांगितलं. तेवढं मला पुरे."

परतीच्या प्रवासात शर्वाणी खिडकीबाहेर पाहत होती. कॅमेरा कितीही मजबूत घेतला तरी तो होडीत पुन्हा निशिकांतच्या हातात जाणार होता. शेवटी तिने विचारलेच, "या वेळी त्याला नेलं नाही तर?"

"उद्या सकाळी दोघंही किनाऱ्यावर या," सर म्हणाले. "जुना कॅमेरा घेऊन ये. तो मेलेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला होता. वाळू पायांवर टोचत होती. निशिकांत आधीच येऊन उभा होता. दोघांत नमस्कारापुरतेही बोलणे झाले नाही. सरांनी समुद्राच्या पाण्याने बादली भरून ठेवली होती. जुन्या कॅमेऱ्यातली बॅटरी काढून त्या जागी त्यांनी कागदी रुमालाची कोरडी घडी ठेवली आणि दार उघडेच ठेवून तो शर्वाणीच्या हाती दिला.

"लाव दार. बुडव. थोड्या वेळाने काढ, पुसून उघड."

शर्वाणी मनात म्हणाली, अखेर सर त्याची परीक्षा घेत आहेत. तिने दार लावले, कॅमेरा बादलीत धरला, काढला, उघडला. कागद कोरडा ठणठणीत.

मग निशिकांतची पाळी आली. त्याने तेच सगळे केले. उघडून पाहतो तो कागदाची कडा ओली.

त्याचा चेहरा उतरला. शर्वाणीला राहवले नाही. "बघा सर! मी काय सांगत होते?"

"पुन्हा," सर शांतपणे म्हणाले, आणि नवी कोरडी घडी आत घालून कॅमेरा तिच्याकडेच दिला.

तिने या वेळी अधिक जोराने दाबून दार लावले. बुडवला, काढला, पुसला, उघडला. कागद चिंब होता. तिने तो बोटांत धरून उलटसुलट करून पाहिला. निशिकांतने दुसऱ्यांदा दार लावले, तेव्हा कागद कोरडा निघाला. शेवटी सरांनी स्वतः लावले. त्यांचा कागद सर्वांत जास्त भिजला होता.

"दाराची रबरी पट्टीच जुनी झाली असेल," शर्वाणी घाईने म्हणाली.

सर बादली उचलून दोघांना घेऊन घरात गेले. घराची दारे बंद केली, स्वच्छ फडक्याने रबराची पट्टी पुसली, कोरडा कागद ठेवला आणि दार लावून कॅमेरा पुन्हा बादलीत सोडला. कागद कोरडा निघाला. मग त्यांनी खिशातले भिंग काढून मघाच्या फडक्यावर धरले. त्यावर वाळूचा एक कण होता, मोहरीहूनही लहान.

"वाळूच्या कणाला कुणाचा मामा कोण ते ठाऊक नसतं," सर म्हणाले.

निशिकांतने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "मामांनी मला बोलावलं होतं. हे काम सोड, म्हणाले. नोकरी देतो, म्हणाले. मी नाही म्हटलं. तुम्हा दोघांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, की आधीच हो म्हणून आलाय."

"मी तसंच म्हटलं असतं," शर्वाणी म्हणाली. मग ती सरांकडे वळली. "पण सर, कण असू शकतो म्हणजे तो होताच असं नाही. त्या दिवशी त्यानं मुद्दाम केलं असेल तर? त्याच्या तोंडावर विचारते आहे."

"बरं केलंस. तोंडावर विचारलंस," सर म्हणाले. "त्या दिवशी काय झालं ते मला कळलेलं नाही, आणि आता कधी कळेल असंही वाटत नाही. तू इतके महिने शंका घेत राहिलीस. शंका घेणं वाईट नाही. दुकानात तू जे जे विचारलंस ते सगळं विचारण्याजोगंच होतं. पण पाणी आत शिरल्यावर घेतलेल्या शंकेनं फक्त माणूस दूर जातो. फोटो परत येत नाही. तीच शंका दार लावण्याआधी घे. उघडं दार समोरच्याला दाखव. पट्टीवर वाळू असेल, केस असेल, ते त्याला दिसेल. आणि कुणाच्या मनात खोट असेल, तर त्यालाही तुझ्या डोळ्यांसमोर दार लावावं लागेल. दार दोघांनी पाहिलेलं असलं, की कुणाचा स्वभाव तपासावा लागत नाही."

दोघेही आपापल्या घरी निघाले. कुणी कुणाची क्षमा मागितली नाही.

अमावास्येला सकाळी होडी घोडेखडकापाशी लागली. शर्वाणीने छातीशी धरून, वाऱ्याकडे पाठ करून, नव्या कॅमेऱ्यात बॅटरी घातली. त्या क्षणी तिच्या ध्यानात आले की आपणही पाठ फिरवून बसलो आहोत, कारण वारा असताना असेच बसावे लागते. ती तशीच वळली आणि उघडे दार निशिकांतपुढे धरले.

"बघ."

त्याने वाकून पाहिले. पट्टीच्या कोपऱ्यावरून टॉवेलचा एक धागा त्याने चिमटीने उचलला. "आता लाव." तिने एक खिट्टी सरकवली, दुसरी फिरवली. लाल खूण दिसेनाशी झाली. बुडी मारून वर आल्यावर, बॅटरी बदलताना त्याने दार उघडून तिच्यापुढे धरले. तिनेही तितक्याच कठोरपणे पाहिले.

फोटो फिके आले, परंतु आले. जनसुनावणीत पडद्यावर प्रवाळाचे हिरवट, तपकिरी झुपके दिसले, त्यांच्या आत उघडी बारीक तोंडे दिसली. सभागृहात कुजबूज झाली. बांधणाऱ्यांच्या वकिलाने विचारले, की हे फोटो घोडेखडकाचेच कशावरून? सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी सांगितले, की पुढच्या मोठ्या ओहोटीला आम्ही स्वतः येऊन पाहू. तोवर काम सुरू होणार नाही.

"उत्तम," केळुसकर सर उठून म्हणाले. "आम्हीही तेच मागत होतो."

सभा संपली. लोक पांगू लागले. दाराशी निशिकांतच्या मामांनी त्याला बाजूला घेतले, कानाशी काही बोलले आणि गाडीत बसून निघून गेले. शर्वाणी दुरून पाहत होती. जुनी कळ पुन्हा उठली. मामा हसत होते का? निशिकांतने मान कशाला हलवली? ती तशीच घरी निघून गेली असती, तर उद्यापर्यंत त्या एका मान हलवण्याभोवती मनाने पुष्कळ काही रचले असते.

ती त्याच्याजवळ गेली. "काय म्हणाले?"

निशिकांतने तिच्याकडे पाहिले. तिचा चेहरा मऊ नव्हता. त्यात शंका होती, आणि ती तिने लपवलेली नव्हती.

"आजी आजारी आहे म्हणाले. आणि म्हणाले, भाच्यानं नाक कापलं."

"आणि तू मान का हलवलीस?"

"आजीला बघायला येतो म्हणून."

शर्वाणीने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मी पण येते." आणि दोघे उन्हातून चालू लागले.

मनात ठेवलेला प्रश्न माणसाला आतून गंजवतो. समोर विचारलेल्या प्रश्नाला निदान उत्तर तरी मिळते.