राजाच्या कानातल्या मधमाशा

एका राज्यात, जिथे आधी चुली पेटत आणि मग कोंबडे आरवत, राजवाड्याची मुख्य आचारीण होती येसाक्का. तिचा नवरा, कोठीवरचा हरबाजी, गेल्या माघात वारला. तेव्हापासून तिला कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं. काम संपलं की ती घासलेली भांडी पुन्हा घासायला घेई.

एके सकाळी ती उभ्याउभ्याच वाल सोलत असताना वार्ता आली.

"आक्का, महाराजांना शाप लागला," हुजऱ्या दारातून म्हणाला.

"न्याहारीआधी की नंतर?"

"आधी."

"म्हणजे भूक असेल. पुढे सांग."

झालं होतं ते असं. राजा दुंदुभिसेन रोज सकाळी दरबाराला स्वतःच्या कविता ऐकवत असे. सिंहासनाच्या वर लटकलेल्या मधमाशांच्या पोळ्यातली गुणगुण त्यात आड येई, म्हणून त्याने पोळ्याला धूर दिला. पोळं होतं भृंगा जादूगारिणीचं. ती खिडकीतून आत आली नि म्हणाली, "माझ्या माशा तुला खुपल्या? आता त्यांचं बिऱ्हाड तुझ्या कानात." माशा ओळीने राजाच्या कानात शिरल्या. तीनशे होत्या. प्रधानाने मोजल्या.

राजाची झोप उडाली, छाती धडधडू लागली, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. राजा जागा असताना प्रजेने झोपणं शोभत नाही, म्हणून राज्यात झोपेला बंदी झाली. आठव्या दिवशी पहारेकरी खांबांना मुजरे करू लागले. प्रधानाने एका बोकडाला जहागीर दिली. नवव्या दिवशी राजवैद्य म्हणाले, "दोष स्वयंपाकघराचा. वांग्याने वात वाढला."

राजाने येसाक्काला बोलावलं. "आता झोपेचं औषध तूच कर. तुला तीन पेले दिले. तिसऱ्यानेही झोप आली नाही, तर तुझी चूल विझेल आणि तू माहेरी जाशील."

येसाक्काच्या माहेरी आता फक्त एक विहीर उरली होती. त्या चुलीखेरीज तिला जगात जागा नव्हती.

ती परतली तेव्हा खिडकीत साळुंकी तांदूळ टिपत होती.

"बाई," साळुंकी म्हणाली, "भृंगेच्या बागेत एक पाला आहे. पान पुदिन्यासारखं, वास लिंबाचा. माशांचा त्यावर जीव. त्याच्यासाठी त्या कानातूनही बाहेर येतील."

"गवती चहा म्हणतेस?"

"गवत गाईला घाल. मी पाला म्हणाले."

"त्याचा गुण काय?"

"घाबरा जीव थाऱ्यावर आणतो. फुगलेलं पोट उतरवतो. उडालेली झोप माघारी आणतो."

येसाक्काने क्षणभर विळीकडे पाहिलं. "आणि गेलेलं माणूस?"

"ते नाही."

"बरं," ती म्हणाली. "टोपली घेते. वाट दाखव."

"अटी तीन आहेत. विचारून खुडायचा. उकळायचा नाही. आणि झाकण ठेवलं की मी तीनशे मोजेपर्यंत स्वस्थ बसायचं."

बागेत भृंगा ओरडली, "कोणाला विचारून आलीस?"

"विचारायलाच आले, बाईसाहेब. थोडा पाला खुडू का?"

भृंगेला गेल्या शंभर वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. ती गोंधळली. "तीन मुठी घे," ती म्हणाली. "चौथी मागितलीस तर बेडूक करीन."

पहिल्या पेल्याला राजवैद्य चुलीपाशी येऊन उभे राहिले. "उकळल्याशिवाय औषध? आठ पेल्यांचा एक करा!" येसाक्काच्या घराण्यात तीन पिढ्या कोणी काही न उकळता कोणाला प्यायला दिलं नव्हतं. तिने उकळलं. वास कौलांतून निघून गेला आणि मागे ओल्या फडक्याच्या चवीचं पाणी उरलं. राजाने घोट घेतला. एक माशी बाहेर आली, पेल्यात डोकावली आणि परत आत गेली.

दुसऱ्या पेल्याला येसाक्काने लाटणं दाखवून वैद्यांना बाहेर काढलं. आधणाचं पाणी उतरवून पाल्यावर ओतलं, झाकण ठेवलं. पण हात कुठे ठेवावे ते तिला कळेना. साळुंकी दहापर्यंत पोचली तोच तिने झाकण उचललं. वीसला ढवळलं. चाळीसला पुन्हा उघडून आलं किसून टाकलं. तो पेला पिऊन राजाला एक ढेकर आली. तोफ समजून दरबाराने सलामी दिली. पोट उतरलं, माशा मात्र हलल्या नाहीत.

"पोटापुरती तू आचारीण खरी," राजा म्हणाला. "आता एकच पेला."

येसाक्काने शेवटची मूठ भांड्यात टाकली, पाणी ओतलं, झाकलं.

"बस," साळुंकी म्हणाली.

"उभी राहिले तर?"

"बस."

येसाक्का भिंतीला पाठ लावून बसली. माघापासून पहिल्यांदा. पन्नासला तिचा हात झाकणाकडे गेला. "घासायचं काही उरलंय का गं?"

"एक्कावन्न," साळुंकी म्हणाली.

हरबाजी रोज दुपारी समोरच्या उंबऱ्यावर येऊन बसे. "झालं का?" म्हणे. "होतंय," ती म्हणे. मग तो नुसता बसे, आणि ती त्याला म्हणे, रिकामा माणूस. एकदाही ती त्याच्याशेजारी बसली नव्हती.

दोनशेला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. चुलीत धूर नव्हता. साळुंकी सभ्य पक्षी होती, ती मोजत राहिली.

"तीनशे."

झाकण उघडलं तसा लिंबाचा वास सगळ्या वाड्यात पसरला. राजा पेला प्यायला. माशा एकेक करून कानातून निघाल्या आणि सिंहासनावरच्या जुन्या जागी जाऊन बसल्या. प्रधान त्या मोजत होता, दोनशे बाराव्या माशीला तो घोरू लागला.

"गुणगुण," राजा म्हणाला, "बाहेरून बरी वाटते." एवढं बोलून तो निजला. बंदी आपोआप उठली. पहारेकरी भाल्यांना टेकून निजले, राजवैद्य खलबत्त्यावर डोकं ठेवून, आणि बोकड आपल्या जहागिरीत.

येसाक्का भांडं घेऊन आपल्या जागी परतली. तळाशी एक घोट उरला होता. तो तिने बसून, हळूहळू घेतला. चुलीतले निखारे विझत आले, तरी ती उठली नाही.

त्या दिवशी राजवाड्यात संध्याकाळचा स्वयंपाक झाला नाही.