घोंगडीतला पाटील

फार फार पूर्वी एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होते. सुईण मात्र पायथ्याला राहायची, आणि वयामुळे तिला चढण चढवत नसे. म्हणून गावातल्या बाईला कळा सुरू झाल्या, की घोंगडीची झोळी बांबूला बांधत आणि चौघे जण तिला खाली नेत. वाट सगळी दगडधोंड्यांची. काही बाया पोहोचत. काही वाटेतच जात.

त्या गावात घोंगड्या विणणारी एक विधवा होती. तिची थोरली लेक आईनेच विणलेल्या घोंगडीत, वाटेतल्या खिंडीपाशी गेली होती. आता धाकटी गरोदर होती.

एके दिवशी विधवा मागावरून उठली आणि दारोदार जाऊ लागली. म्हणायची, "पावसाळ्याआधी वाट नीट करू या. एक बैलगाडी जाईल एवढीच."

एका घरची सासू म्हणाली, "आम्ही नाही का गेलो झोळीतून? हल्लीच्या पोरीच नाजूक."

"तुम्ही परत आलात म्हणून बोलताय, आत्याबाई. ज्या आल्या नाहीत, त्यांना कोण विचारणार?"

दुसऱ्या दिवशी विधवा पुढच्या गल्लीत निघाली, तेव्हा ही सासूही काठी टेकत तिच्याबरोबर होती. हळूहळू लेकुरवाळ्या आल्या, सुना आल्या. सगळ्या मिळून चावडीवर गेल्या.

पाटील म्हणाला, "मेंढरं जातात की त्याच वाटेनं!"

"मेंढरं आपल्या पायांनी जातात, पाटील," विधवा म्हणाली.

"आणि तुझी घोंगडी तर मऊ असते म्हणतात."

"मग एकदा निजून बघा. पायथ्यापर्यंत जा. तरी वाट बरी वाटली, तर मी पुन्हा चावडीची पायरी चढणार नाही."

चावडी खदखदून हसली. पाटलालाही गंमत वाटली. झोळीत आडवा होत तो म्हणाला, "चला रे, जपून न्या तुमच्या बाळंतिणीला!"

पहिल्या वळणापर्यंत हसणे चालू होते. मग एका भोयाचा पाय घसरला आणि पाटलाची पाठ दगडावर आपटली. खिंडीत पुढचे दोघे खाली उतरले, मागचे दोघे वरच राहिले, आणि पाटील झोळीतून घसरू लागला. त्याने घोंगडीचे काठ घट्ट धरले.

"उतरवा! उतरवा मला!"

विधवा शेजारूनच चालत होती. ती म्हणाली, "अजून निम्मी वाट आहे, पाटील. आणि तुमच्या पोटात तर नुसती भाकरी आहे."

आता कोणी हसले नाही. पाटील खाली उतरला, अंग चोळत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "थोरली इथंच गेली ना?"

"इथंच. तीही 'उतरवा' म्हणत होती. आम्ही म्हणालो, थोडं सोस."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पहार घेऊन खिंडीत पहिला पोहोचला तो पाटील. त्याच्यामागे सगळे गाव आले. पाऊस पडण्याआधी जुन्या वाटेच्या शेजारून गाडीवाट तयार झाली. धाकटी लेक गाडीतून गेली, आणि बाळ मांडीवर घेऊन गाडीतूनच परत आली.

त्या गावात तेव्हापासून एक रीत पडली. जो कोणी नवा पाटील होई, त्याला पागोटे बांधण्याआधी झोळीत घालून जुन्या वाटेने खिंडीपर्यंत नेत.

तात्पर्य : दुसऱ्याने किती सोसावे हे ठरवण्याआधी, त्याच्या जागी एकदा स्वतः आडवे होऊन पाहावे.