गोड्या पाण्याची चार बोटं

पैलतीर दिसू नये एवढ्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी एकदा एक वृद्ध तांडेल राहत असे. उभं आयुष्य त्याने त्या पाण्यावर गलबतं हाकली होती. जीभ मात्र अशी खारट की त्याच्यापाशी शिष्य टिकत नसत. एकच टिकला. तोही मधली काही वर्षं समुद्रावर काढून परतला होता आणि आज प्रथमच स्वतः तांडेल म्हणून निघाला होता.

गलबत त्याच्या ओळखीचं होतं. ते समुद्रावरचंच, सुटं करून, बैलगाड्यांनी घाट चढवून, इथे पुन्हा जोडलेलं. भार किती घ्यावा हे दाखवणारी पांढरी पट्टी त्याच्या कडेला होती. शिष्याने समुद्रावर भरत तेवढाच भार भरला: गुळाच्या ढेपा, आणि पैलतीरी लग्नाला निघालेली माणसं, तान्ह्या मुलांसकट. पट्टी पाण्याखाली गेली. तो थबकला.

"त्यात काय एवढं, तांडेलसाहेब?" गुळाचा व्यापारी हसून म्हणाला. "सरोवराला पाणी चढलंय. तुमच्यासारख्या दर्यावर्द्याला आम्ही काय सांगावं!"

शिष्य सुखावला. त्याने दोर सोडायची खूण केली.

इतक्यात म्हातारा फळीवरून वर आला आणि चकार शब्द न काढता त्याने एक ढेप पाण्यात लोटली. मग दुसरी. मग तिसरी. बायका किंचाळल्या. व्यापाऱ्याच्या तोंडून अशा शिव्या सुटल्या की मघाचा माणूस हाच का, असं वाटावं. शिष्य धावत आला. पहिल्याच फेरीला, चारचौघांत! म्हाताऱ्याला भ्रम झाला की मत्सर?

"बाबा! हे काय करताय?"

"पट्टी वर काढतोय. नुसतं बोलून ऐकलं असतंस? पाणी चढलं म्हणे! अरे, पाणी चढलं की गलबत नाही चढत त्याच्याबरोबर?"

शिष्याने वाकून पट्टीकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट शेंबड्या पोरालाही कळली असती.

वृद्धाचा स्वर उतरला. "खारं पाणी तोंडात धरवत नाही, पण ते ओझं उचलून धरतं. गोडं पाणी सहज घशाखाली उतरतं, आणि गलबतही त्यात जास्त उतरतं. फार नाही, चार बोटं. ती तुला दिसलीही होती. पण कानात गोड शब्द पडले आणि तू डोळे मिटलेस."

शिष्याने उरलेला जादा गूळ काठावर उतरवला. पट्टी वर आली, तेव्हाच गलबत निघालं.

भर सरोवरात वारा उठला. एक लाट चढत चढत आली आणि गलबताच्या काठाच्या तीन बोटं खालून मागे फिरली. शिष्याने तिथे बोटं लावून पाहिली: तीनच. आणि पट्टी बुडाली होती चार बोटं. शेजारी एक बाई तान्ह्याला पाजत होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

परतल्यावर, दोराची गाठ ढिली बांधली म्हणून म्हाताऱ्याने त्याला पुन्हा फैलावर घेतलं. शिष्य मान खाली घालून ऐकत राहिला. आपल्याला कुणीतरी खालून उचलून धरलं आहे, असं त्याला प्रथमच वाटलं.