पहिल्या हाकेचा गुलाब

विहिरीवर झुकलेला हा गुलाब बघा, ताई. हात नका लावू. मी दरवर्षी लावते आणि मग आठवडाभर पीठ मळताना ओरडते. दसरा झाला की आम्हा गुरवांच्या सुना त्याची छाटणी करतात. एक आत शिरते, दुसरी बाहेर उभी राहते. आतली दर फांदीला बाहेरचीला हाक मारते, आणि तिनं पहिल्याच हाकेला ओ द्यायची. असं का, ते सांगते.

फार पूर्वी सगुणा आणि येसू अशा दोन जावा होत्या. देवीची ही बाग दोघींकडे. त्यांचं बिनसलं. कशावरून, ते कुणाला ठाऊक नाही. आमच्या घरात कारणं इतकी, की त्यातलं नेमकं ते सापडत नाही. 'आधी तिनं जावं' म्हणत तीन वर्षं बागेत कुणीच फिरकलं नाही. गुलाब माजला. विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. तिचं तोंडच झाकून गेलं.

जत्रा तोंडावर आली, देवीला फूल नाही. शेवटी थोरली सगुणा भर दुपारी कोयता घेऊन निघाली. येसूच्या दारात थांबून म्हणाली म्हणे, "चालले गं बाई. तू बस नखं बघत."

"जा की," येसू आतून म्हणाली. "काटेच भितील तुम्हाला."

थोड्या वेळानं बागेतून हाक आली. "येसू!"

ओसाड जागेतून दुपारची हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, भूत असतं, असं तेव्हा सगळेच मानायचे. येसू गप्प बसली. दुसरी हाक आलीच नाही.

सगुणा विहिरीत सापडली. तळहातांत काटे रुतलेले. फांदी धरून लोंबकळली असणार. 'मला भूत वाटलं,' येसूनं सांगितलं. लोकांनी मानलं. पण म्हातारपणी भाकरी थापता थापता ती मधेच "ओ" म्हणायची, कुणी बोलावलेलं नसताना. आणि मरताना सुनेला म्हणाली म्हणे, "आवाज ओळखला होता गं मी. म्हटलं, अजून एकदा मारू दे हाक, मग उठते."

म्हणून आजही छाटणी दोघींनीच करायची. माझी धाकटी जाऊ सुलोचना आणि मी गौरीपासून बोलत नाही. कारण विचारू नका, चूक माझीच निघेल. तरी परवा मी आत शिरले, फांदीला हाक, हाकेला ओ, असं चाललं. शेवटी तोडायला फांदी उरली नव्हती, तरी मी एकदा "सुलोचना" म्हणून बघितलं.

ओ आली. बाहेर आले, तर ती पाठ फिरवून घराकडे चाललेली.