खंड्याच्या खुणेची रॅकेट

फार फार वर्षांमागची गोष्ट. समुद्राला पलीकडेही काठ असतो हे तेव्हा पुष्कळांना माहीत नव्हतं. त्या काळी एका डोंगराच्या कुशीत तातवाडी नावाचं गाव होतं.

त्या गावात रॅकेटी बनत. तेव्हा तिला रॅकेट म्हणत नसत, दुसरं काही म्हणत असतील. पण आपण रॅकेटच म्हणू, म्हणजे ऐकणाऱ्याचा घोळ नको. वेत वाफेवर नरम करायचा, वाकवून त्याची चौकट करायची, तिच्यात तात, म्हणजे आतड्याची चिवट दोरी, ताणून विणायची, खाली मूठ बसवायची. मुठीवर सुताची दोरी गुंडाळून मेणाचा हात द्यायचा. आणि सगळ्यात शेवटी चौकटीवर एक छोटा निळा खंड्या पक्षी रंगवायचा. ती गावाची खूण. आता खंड्या काढणारे हात काही चित्रकाराचे नव्हेत, वेत वाकवणाऱ्याचेच. त्यामुळे कुणाचा खंड्या पोट सुटलेला, तर कुणाचा वाकड्या चोचीचा. गावाला त्याचं काही वाटत नसे.

पण एका बाबतीत गाव फार कडक होतं. रॅकेट बनली की बनवणाऱ्याने ती घेऊन देवळापुढच्या पटांगणात उतरायचं आणि शेजाऱ्याबरोबर घाम निघेपर्यंत पिसांचं फूल उडवत खेळायचं. त्यात ती टिकली तरच वेशीबाहेर जायची. नाही टिकली तर चुलीत. मग त्या रॅकेटीवर कितीही दिवस घातलेले असोत.

म्हातारे खेळत, सासवा खेळत, नुकतं बाळंतपण उरकलेल्या बाया खेळत. भिकूआबा म्हणून एक जुने कारागीर होते, डावखुरे. ते उभ्या आयुष्यात कुणाला हरवू शकले नाहीत, पण त्यांनी बनवलेली एकही रॅकेट न खेळता गावाबाहेर गेली नाही.

गलबतवाले त्या रॅकेटी समुद्रापार एका बेटावर नेत. तिथला राजा खेळाचा मोठा शौकीन, प्रजाही तशीच. सगळं ठीक चाललं होतं. मग एक दिवस गलबताचा तांडेल त्या राजाचा निरोप घेऊन आला आणि गाव पटांगणात गोळा झालं.

निरोप साधा होता. तातवाडीच्या रॅकेटी आता एका फटक्यात वाकतात, असं बेटावरचे लोक म्हणतात. तुमचा खेळाडू पाठवा. त्याने घरची रॅकेट आणायची नाही, घरची चांगलीच असणार. आमच्या बाजारातली, आमच्या लोकांना मिळते तीच त्याने निवडायची आणि माझ्या खेळाडूशी खेळायचं. हरला तरी चालेल. पण रॅकेट मोडली, तर खंड्या या बेटावर पुन्हा उतरणार नाही.

रॅकेटी खपल्या नाहीत तर गाव दुसरं काही विणील, टोपल्या विणील. पण आपण वाईट काम करतो असं कुणीतरी म्हणतंय, हे तातवाडीने कधी ऐकलेलं नव्हतं.

गावात सगळ्यात चांगली खेळायची ती रेवू. तिला पाठवायचं ठरलं. सोबतीला तिची आत्या निघाली, कारण आत्या बोलण्यात कुणालाही हार जात नसे, आणि परक्या मुलखात असं एक माणूस असावं.

बेटावर उतरल्यावर राजाने त्यांना सांगितलं, सामना उद्या दुपारी. बाजारातून पसंत पडेल ती रॅकेट माझ्या नावाने उचला.

बाजारात शिरल्यावर आत्या थबकलीच. दुकानामागून दुकान रॅकेटींनी भरलेलं, आणि प्रत्येक रॅकेटीवर निळा खंड्या. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "बघ गं रेवू, आपला पक्षी कुठवर उडाला."

पहिल्याच दुकानात रेशमी कापडात गुंडाळलेल्या रॅकेटी होत्या. त्यांवरचा खंड्या असा की पीस न् पीस मोजून घ्यावं. मुठीला बोट लागलेलं नाही, तातीवर धूळ नाही. दुकानदार म्हणाला, माल थेट तातवाडीचा. दोघींनी मान डोलावली. त्यांचं तरी काय चुकलं? तातवाडीत रॅकेट कधी कुणी विकत घेतलेली नव्हती. ज्याने बनवली त्याच्या हातून ती घ्यायची. रॅकेट खोटीही असू शकते, हे त्या दोघींच्या डोक्यात यायला जागाच नव्हती. त्यांनी त्यातली सगळ्यात देखणी उचलली.

धर्मशाळेच्या मागे आत्याने फूल उडवलं. रेवूने हलका हात लावला तोवर ठीक. मग तिने जोराने मारलं, आणि भिजलेल्या ढोलावर थाप पडावी तसा आवाज झाला. चौकट पिळवटली. ताती सैल पडल्या. फूल दोन पावलांवर मरून पडलं.

आत्याने ती हातात घेतली, उलटीपालटी केली. "ही रॅकेट नाही बाई," ती म्हणाली, "पीठ चाळायला ने."

रेवूला हसू आलं नाही. एवढा वेळ तिला वाटत होतं, लोक खोटं बोलतायत. आता तिच्याच हातात वाकलेली चौकट होती आणि तिच्यावर तिच्याच गावाचा पक्षी बसला होता.

असली रॅकेट गावात चुलीत गेली असती, म्हणजे हा पक्षी दुसऱ्याच कुणीतरी रंगवलाय, हे रात्री दोघींना उमगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पुन्हा बाजारात गेल्या. आत्या एकेक खंड्या निरखून पाहत होती, पण सगळे सारखेच सुंदर. त्यातला खरा कोणता, हे कसं ओळखायचं? रेवूने पक्ष्यांकडे बघणं सोडलं. ती नुसती मूठ हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. सगळ्या मुठी गुळगुळीत, कोऱ्या. सगळ्याच परक्या.

बाजाराच्या टोकाला एक थकलेला दुकानदार बसला होता. त्याच्यामागे एका पाटीत काही रॅकेटी उलट्यासुलट्या टाकलेल्या. रेवूने त्या मागितल्या. तो म्हणाला, त्या राहू दे पोरी, त्या वापरलेल्या आहेत. गलबतवाल्याने फसवून गळ्यात मारल्या. इथल्या लोकांना कोरा माल लागतो, या कुणी हातातही घेत नाही.

रेवूने पाटीतली वरची रॅकेट उचलली. तातींच्या मधोमध पिसांची बारीक लव चिकटली होती. मुठीच्या मेणात अंगठ्याचा खळगा पडला होता. तिने त्यात अंगठा ठेवून पाहिला, तो बसेना. मग तिने रॅकेट डाव्या हातात घेतली. अंगठा खळग्यात अलगद बसला.

ती मोठ्याने हसली.

आत्या वैतागली. "हसतेस काय? दुसऱ्याची वापरून टाकलेली घेऊन राजापुढे उभी राहशील?"

"आत्या," रेवू म्हणाली, "आपल्या गावातून न खेळलेली रॅकेट बाहेर पडलीय कधी?"

आत्याने रॅकेट घेतली. चौकटीवर पोट सुटलेला, वाकड्या चोचीचा एक खंड्या होता. तिने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "भिकूआबा."

दुपारी नगारा वाजला. राजाचा खेळाडू ताडमाड उंच. रेवूच्या हातात ती मळकी रॅकेट पाहून लोक हसले, आणि सगळ्यात जास्त हसला तो रेशमी कापडवाला दुकानदार. मग पहिलं फूल उडालं. रेवूच्या तातींतून असा टणत्कार निघाला की हसणारे गप्प झाले. उन्हं उतरेपर्यंत खेळ चालला. तो जेवढ्या जोराने मारी, तेवढ्याच जोराने फूल परत जाई. शेवटी तोच गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. रेवू जिंकली, पण तिने आधी लोकांकडे पाहिलं नाही, चौकटीकडे पाहिलं. वेत तसाच्या तसा होता.

राजाने विचारलं, एवढ्या बाजारातून ही कशी ओळखलीस? रेवूने त्याला मुठीतला खळगा दाखवला आणि गावाची रीत सांगितली. मग म्हणाली, "महाराज, खंड्या कुणीही काढील. आमच्यापेक्षा छान काढील. पण विकायच्या आधी घाम कोण गाळील?"

राजाने थोडा विचार केला आणि त्या रेशमी कापडवाल्याला बोलावलं. त्याला ना फटके दिले ना कोठडीत टाकलं. एवढंच म्हणाला, तुझी रॅकेट घे आणि या मुलीबरोबर खेळ. दुकानदाराने नाइलाजाने हात उचलला, फूल आलं, आणि त्याची चौकट मुठीतून निसटून थेट राजाच्या मांडीवर जाऊन पडली. सगळं बेट हसलं. त्या दिवसापासून बंदरावर नियम झाला, विकणाऱ्याने आपल्या मालाने आधी चारचौघांत खेळून दाखवायचं. रेशमी कापडाची दुकानं आपोआप उठली, आणि थकलेल्या दुकानदाराची पाटी संध्याकाळपर्यंत रिकामी झाली.

दोघी गावी परतल्या. वेशीपासूनच आत्याने सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. कुणीतरी सुचवलं, परदेशी जाणाऱ्या रॅकेटींच्या मुठी पुसून द्याव्यात, बऱ्या दिसतील. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला.

भिकूआबा पटांगणाच्या कडेला वेत सोलत बसले होते. रेवूने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि सांगितलं, आबा, तुमची रॅकेट टिकली.

"टिकणारच," भिकूआबा मान वर न करता म्हणाले. "ती घेऊन मी चांगलाच घाम गाळून हरलोय."

तर बाळांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: खूण कुणालाही रंगवता येते, पण ज्याने आपलं काम दुसऱ्याच्या हाती देण्याआधी स्वतः कसाला लावलं, त्याचंच काम खरं.