पुवाला नमस्कार

एकदा एका वृद्ध डॉक्टरांनी चक्क पुवाला हात जोडले, आणि त्यांची शिष्या बघतच राहिली.

त्या दिवशी ती आधीच धुमसत होती. आदल्या दिवशी ती एका आजारी म्हातारीला तपासायला घरी गेली, तर ‘ताप का उतरत नाही’ म्हणून म्हातारीच्या मुलाने तिला चारचौघांत धक्का देऊन बाहेर काढले होते. आणि आज तोच मनुष्य दारात उभा होता. आईचा ताप आणखी चढला होता.

“मी जाणार नाही,” शिष्येने निक्षून सांगितले. “याच्याच काय, यापुढे कुणाच्याच घरी नाही.”

 गुरुजी एका विणकराच्या पाठीवरचे गळू फोडत होते, आणि ते काम अर्धवट सोडण्यासारखे नव्हते. पुष्कळ पू निघाला. त्यातला थेंबभर त्यांनी काचेवर घेतला आणि उरलेला टाकण्यापूर्वी त्याला मनोभावे नमस्कार केला.

“गुरुजी, घाणीला नमस्कार?”

पेशी दिसाव्यात म्हणून त्यांनी काचेवरचा थेंब रंगवून काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. “बघ तरी.”

तिने पाहिले. फुटलेल्या पेशींचा नुसता खच पडला होता.

“या धावून आलेल्या पांढऱ्या पेशी,” विणकराला पट्टी बांधत गुरुजी म्हणाले. “जखमेची हाक ऐकायला त्यांच्या अंगावर जणू कान असतात. जंतूचं विष नेमकं त्या कानालाच चिकटतं, कड्यासारखं गोल होतं आणि पेशीला भोक पाडतं. हाक ऐकली तिथूनच मरण आत शिरतं.”

शिष्येने मान वर केली. “मग त्या कान बंद का नाही करून घेत?”

“मग जखमेकडे येईल कोण? अगं, मरता मरतासुद्धा काहीजणी पोटातले धागे जाळ्यासारखे बाहेर फेकतात, आणि जंतू त्यात अडकतात. आयुष्यभर बघतोय, अजून डोळे भरून येतात.”

ती पुन्हा वाकून पाहू लागली. हे तिच्या स्वतःच्या रक्तात होते, आणि दारातल्या त्या माणसाच्याही. कुणी शिकवले नव्हते, कुणी शाबासकी देणार नव्हते.

“पण त्यानं पुन्हा हात उचलला तर?” तिने हळूच विचारले.

“त्या काचेवर एकटी आलेली कुणी दिसते का तुला?” गुरुजींनी हात धुतले आणि चपला पायांत सरकवल्या.

शिष्येने बॅग उचलली. तो मनुष्य मान खाली घालून उभा होता. ती त्याच्यापाशी जाऊन म्हणाली, “आईंनी सकाळपासून काही खाल्लंय का?”